दोघांत एक तळपाय

माझ्या नवऱ्याच्या टाचेला फोड यायला लागला की चिमटा माझ्या मनगटाला बसायचा. ही काही प्रेमाची कमाल नव्हे, ही यंत्राची सोय होती. आणि ती सोय मीच भांडून मागून घेतली होती, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार?

माझ्या नवऱ्याचं नाव विश्राम मयेकर. सासूबाईंनी हे नाव ठेवताना काय विचार केला होता देव जाणे, कारण या माणसाच्या पायाला जन्मापासून भिंगरी. वीज खात्यात नोकरी केली, तीही खांबाखांबाने हिंडायची. पहाटे उठून मांडवीच्या किनाऱ्यावर धावायला जाणार, आणि मी कॉलेजात भौतिकशास्त्राचा तास घ्यायला निघेपर्यंत घामाने निथळत परत येणार. रत्नागिरीत निम्म्या लोकांना त्यांचा चेहरा ओळखीचा नव्हता, पाठ ओळखीची होती.

पन्नाशी उलटल्यावर त्यांना साखर निघाली. साखरेने आधी पायांच्या नसा खाल्ल्या. तळवे बधिर झाले, पण हे महाराज धावतच राहिले. एकदा मोज्याला चुणी पडली, तिथे फोड आला, फुटला, चिघळला, आणि यांना पत्ता नाही. मला कळलं ते मोजे धुवायला घेतले तेव्हा. त्यात डाव्या पायाची करंगळी गेली. डॉक्टरांनी बजावलं, "मयेकर, या वेळी बोटावर भागलं. पुढचा फोड अख्खा पाय मागेल. धावणं बंद."

मग विश्राम खरोखरच विश्राम झाले. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. रस्त्याने कुणी धावत गेलं की पेपर तोंडासमोर धरायचे. आपल्या तळव्यांना हात लावणंही त्यांनी सोडून दिलं. दुखत नाही, खुपत नाही, मग ते पाय आपले कसले, असं त्यांना वाटत असावं. पाय बघायचं काम माझ्याकडे आलं. रोज संध्याकाळी त्यांचे तळवे मांडीवर घेऊन मी काशाच्या वाटीने साजूक तूप चोळायची. माझ्या माहेरची पद्धत. त्याने अंगातली उष्णता उतरते म्हणतात. उष्णता कशी वाहते ते मी वर्गात शिकवते, त्यात काशाच्या वाटीचा उल्लेख नाही. पण त्या निमित्ताने तळवा इंच इंच बघून व्हायचा.

"वाटी फिरतेय का गो?" ते पेपराआडून विचारायचे.

"फिरतेय."

"बरं," म्हणायचे आणि पान उलटायचे. ते 'बरं' शेजाऱ्याच्या पायाबद्दल असावं तसं.

नाझनीन मुकादम आमच्याकडे आली ती त्या दिवसांत. ही माझी विद्यार्थिनी, इथल्याच राजिवड्याची. पुण्याला एका जर्मन कंपनीच्या प्रयोगशाळेत ती माणसाच्या कातडीवर बसणारे पातळ पदार्थ बनवते. घरी आली की मला भेटल्याशिवाय जात नाही. काकांना गॅलरीत बसलेलं बघून तिने त्यांच्या पायांकडे निरखून बघितलं. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही वर्गात सायीचं उदाहरण द्यायचा, आठवतं?"

न आठवायला काय झालं? मी अजूनही देते. फोड घासल्यामुळे येतो अशी आपली समजूत असते. नुसतं घासलं तर वरचं सालटं निघतं, मांड्या घासून सोलवटतात तसं. फोडाची तऱ्हा वेगळी. धावताना पाऊल टेकलं की आतलं हाड पुढे सरकतं, आणि कातडी घामाने मोज्याला चिकटून मागेच राहते. हाड पुढे, कातडी मागे, या ओढाताणीत मधले थर फाटतात आणि तिथे पाणी भरतं. दुधाचं पातेलं हलवून बघा. दूध सरकतं, साय कडेला धरून राहते, आणि सुरकुत्या पडून शेवटी फाटते. त्यातून कोरडी कातडी निसटते, चिंब भिजलेलीही निसटते. नुसती ओलसर असली की सगळ्यात जास्त धरून ठेवते, आणि आमच्या कोकणात माणूस बारा महिने ओलसरच असतो.

नाझनीनने या सायीवर दुसरी साय बनवली होती. तळव्यावर फवारायची, जांघेत फवारायची, वाळली की कळतही नाही. तिचे दोन थर एकमेकांवर घसरतात. सगळी ओढाताण त्या दोन थरांत होते, खालच्या कातडीपर्यंत पोचतच नाही.

"दोन जावा आपसात भांडत बसल्या की सासूला शांतता, तसं," नाझनीन म्हणाली. कंपनीने त्या पदार्थाला लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. ती मात्र सायच म्हणायची.

खरी करामत पुढेच होती. त्या सायीत केसाहून बारीक धागे होते. फोड येण्याआधी ती जागा आजूबाजूपेक्षा किंचित तापते. धागे ती ऊब आणि ताण ओळखायचे आणि मनगटावरच्या पट्ट्याला कळवायचे. पट्ट्याच्या आतल्या बाजूला जणू तळव्याचा नकाशाच होता, टाच इकडे, बोटं तिकडे. पाऊल पडलं की तिथे मुंगी चालल्यासारखं व्हायचं, आणि कुठे तापलं तर चिमटा.

"आणि मॅडम, मेंदू हे शिकतो," नाझनीन डोळे मोठे करून सांगत होती. "सुरुवातीला चिमटा हाताला लागतो. काही आठवड्यांनी तो पायालाच लागल्यासारखा वाटतो. ओळखायचं कसं, तर चिमटा बसल्यावर माणूस हात न झटकता पाय मागे घेतो. तसं झालं की समजायचं, मेंदू शिकला."

विश्रामनी पेपर खाली ठेवला. कित्येक महिन्यांत मी त्यांना तसं बघितलं नव्हतं.

डॉक्टरांनी बरीच कुरकुर करून परवानगी दिली. पायावर साय आली तशी काशाची वाटी फळीवर गेली, आणि पहिले काही दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी हे घरी आले, मी मोजा काढून बघते तर टाचेवर सुपारीएवढा लाल चट्टा, आणि पट्टा खिशात.

"चिमटे काढत होता सारखा," ते माझ्या नजरेला नजर न देता म्हणाले. "म्हटलं, पुढच्या वळणापर्यंत जाऊया. मग पुढच्या. धावणाऱ्याचं असंच असतं गो."

"धावणाऱ्याचं असं असतं, आणि करंगळी नसलेल्याचं कसं असतं?" मी हात पुढे केला. "तो पट्टा इकडे द्या."

नाझनीनने फोनवर बराच विरोध केला. पट्टा ज्याचे पाय त्यालाच हवा, तिचं म्हणणं. मी तिची शिक्षिका आहे, तेव्हा शेवटी काय झालं ते सांगायला नको. पट्टा माझ्या मनगटावर आला, आणि विश्रामच्या दंडावर एक छोटं यंत्र, मी कुठेही असले तरी फोनच्या जाळ्यावरून पट्ट्याशी बोलणारं. मला चिमटा बसला की मी पट्टा दाबायचा, त्यांच्या दंडावर थरथर व्हायची. एकदा दाबलं तर 'हळू', दाबून धरलं तर 'थांबा'. त्याला ते 'मास्तरीणबाईंची शिट्टी' म्हणायचे.

मेंदू शिकतो हे खरं निघालं. एकदा मासळी बाजारात मी सुरमईचा भाव करत उभी होते आणि अचानक डावा पाय उचलून घेतला.

"काय गो बाय, मुंगी चावली?" कोळीण म्हणाली.

"नवऱ्याच्या टाचेला लागतंय," मी म्हटलं आणि पट्टा दाबला. तिने माझ्याकडे असं बघितलं की भाव कमी करायचं राहूनच गेलं.

सुरुवातीला मजाच वाटली. सकाळी चहा पिताना त्यांची पावलं माझ्या तळव्यांखाली तुरुतुरु चालायची. पंजे तापायला लागले की समजायचं, चढ लागला, म्हणजे किनाऱ्यावर जातो सांगून स्वारी भगवती किल्ल्यावर निघालीय. घरी आल्यावर मी किल्ल्यावरची हवा कशी होती म्हणून विचारायची आणि त्यांचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

पण दुसऱ्याचे पाय अंगात घेऊन किती दिवस राहणार? तासाला मुलं गणित सोडवत असायची आणि मी फळ्याकडे तोंड करून मनगट दाबत असायची. नागपूरला शिक्षकांच्या शिबिरात मला व्याख्यानाला बोलावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी रंगात येऊन बोलत होते, तोच टाचेला असा चटका बसला की मी भर सभेत ओरडले, "थांबा म्हणते ना!" पुढच्या रांगेतले एक गृहस्थ चहाला उठले होते, ते बिचारे पुन्हा खाली बसले.

परत आल्यावर मी विश्रामना म्हटलं, "मला हे झेपत नाही हो. तुम्ही धावता, आणि अंग माझं दुखतं."

"मला काय बरं वाटतं?" ते एकदम चिडले. "प्रत्येक पावलाला मनात येतं, आता हिला लागलं असेल. मोकळं धावणं राहिलंच नाही. काढ तो पट्टा. मी बसतो परत गॅलरीत."

तसं म्हणून ते खरंच गॅलरीत जाऊन बसले. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. ती खुर्ची त्यांना पुन्हा गिळणार हे मला दिसत होतं.

शेवटी आम्ही एक ठरवलं. डिसेंबरात रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्यापर्यंत समुद्रकाठची दौड होती. तेवढी धावायची. पाय जखमेशिवाय परत आला तर पुढचं पुढे बघू. जखम झाली तर बूट माळ्यावर, कायमचे. त्यांनी मान डोलावली. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते बघायचं मी टाळलं.

नाझनीन त्यासाठी मुद्दाम येणार होती. आदल्या दिवशी तिने फोन केला, "मॅडम, आज जुनी साय गरम पाण्याने काढून टाका. रात्रभर कातडीला मोकळं राहू दे. सकाळी मी ताजी फवारीन. आणि काही झालं तरी पायाला तेल लावू नका. तेल नाही, क्रीम नाही, मलम नाही."

"नाही लावणार," मी म्हटलं, आणि शब्द पाळला.

संध्याकाळी जुनी साय निघाली आणि किती दिवसांनी त्यांचे उघडे तळवे माझ्यासमोर आले. पांढरट, मऊ, एका बोटाने कमी. उद्या या पायांची परीक्षा. मला एकदम भरून आलं. मी फळीवरून काशाची वाटी काढली, साजूक तूप घेतलं आणि दोन्ही तळवे वाटी काळी पडेपर्यंत घासले.

"वाटी फिरतेय का गो?"

"फिरतेय."

"बरं."

सकाळी मी पाय कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसून दिले. नाझनीनने साय फवारली, ती वाळली, विश्रामनी बूट चढवले आणि गर्दीत मिसळून दिसेनासे झाले. आम्ही दोघी स्कूटरने पुढे गणपतीपुळ्याला जाऊन थांबलो.

काय सुरेख धावत होते! पावलं एकसारखी, कुठे चिमटा नाही. मी निवांत कोकम सरबत पीत नाझनीनला तिच्या लग्नाचं विचारत होते. ती मला टाळत होती. असा बराच वेळ गेला आणि मग माझ्या लक्षात आलं की चिमटा नाहीच, पण मुंग्याही नाहीत. पावलंच नाहीत. माझे तळवे फक्त माझे होते.

"नाझनीन, हे थांबलेत की काय?"

तिने फोनवर बघितलं. "रस्त्यावर कुठे आहेत ते दिसत नाही, पण साय जोडलेली आहे. धागेच काही सांगत नाहीयेत." तिच्या कपाळाला आठी पडली. "मॅडम, काल पायाला काही लावलं नव्हतं ना?"

"छे! तेल नाही, क्रीम नाही, काही नाही. नुसतं तूप."

नाझनीनचा ग्लास तोंडाशीच थांबला.

मी भौतिकशास्त्राची शिक्षिका. स्निग्ध पदार्थ म्हणजे काय ते मला शिकवायची गरज नाही. पण 'तेल लावू नका' म्हटल्यावर तूप लावू नये, हे कुठल्या मराठी बाईच्या मनात येईल? तेल वेगळं, तूप वेगळं. तेलाची आणि तुपाची बरणी आम्ही शेजारी ठेवत नाही. त्या सायीच्या चाचण्या झाल्या होत्या जर्मनीत आणि जपानात. तिथे दौडीच्या आदल्या संध्याकाळी कोण काशाची वाटी घेऊन बसणार?

"मी पण रत्नागिरीचीच ना!" नाझनीनने कपाळावर हात मारून घेतला. "आजी माझ्या तळव्यांना तूपच चोळायची. माझ्या डोक्यात कसं आलं नाही? मॅडम, पायाच्या गरमीने तूप पातळ होऊन सायीत शिरलंय. धागे बुडाले. कडा सुटत असतील."

म्हणजे आता ते पाय त्यांना कळत नव्हते आणि मलाही कळत नव्हते. दोघांत मिळून एक तळपाय होता, तोही गेला. मी पट्टा दाबून धरला. थांबा. थांबा हो. पण मागे एकदा यांनी पट्टा खिशात घातला होता. दंडावर थरथर झाली म्हणून हा माणूस थांबेल, की पुढच्या वळणापर्यंत जाऊया म्हणेल?

नाझनीनने स्कूटर काढली, मी मागे बसले. समोरून येणाऱ्या धावणाऱ्यांत प्रत्येकाचे पाय बघत होते, चेहरे नाही. लिंबूटिंबू पोरांपासून आजोबांपर्यंत सगळे होते, माझा माणूस नव्हता. पट्टा दाबून दाबून अंगठ्यात गोळा आला. मी मनात म्हणत होते, एक वेळ ती खुर्ची परवडली, पण पाय राहू दे.

आरे-वारेच्या चढावर एका वळणाला कठड्यावर विश्राम बसले होते. एक बूट बाजूला, मोजा खांद्यावर, आणि डावा पाय उजव्या गुडघ्यावर घेऊन स्वतःच्या तळव्याला हात लावून बघत होते. आपण कुणाचा ताप बघतो ना, तसा हाताची पाठ लावून.

मी धावत गेले. "लागलं का? फुटलाय का? मी कधीची दाबतेय..."

"तू दाबलंस तेव्हा मी कधीचा बसलेलो इथे," ते शांतपणे म्हणाले.

"का? तुम्हाला कसं कळलं?"

"इतका वेळ तू गप्प!" ते म्हणाले. "लग्न झाल्यापासून तू इतका वेळ कधी गप्प राहिली नाहीस. साधी 'हळू' सुद्धा नाही. म्हटलं, काहीतरी बिघडलंय. आता आपलं आपणच बघायला हवं." त्यांनी पाय माझ्याकडे वळवला. "ही कड सुटलीय बघ. इथे गरम लागतंय, तिथे नाही. फोड नाही आलेला, पण येणार होता. आणि गो, माझ्या पायाला शिऱ्याचा वास का येतोय?"

मी रस्त्यातच फतकल मारून बसले आणि हसायला लागले, आणि हसता हसता रडायला. करंगळी गेल्यापासून या माणसाने आपल्या तळव्याला बोट लावलं नव्हतं. आज कुणी न सांगता, कुणी न चिमटता तो थांबला होता. नाझनीन समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. चांगली मुलगी आहे.

गणपतीपुळं तिथून फार लांब नव्हतं. त्यांनी त्या दिशेने एकदा बघितलं, मी बघितलेलं त्यांनी बघितलं, आणि ते मोजा झटकत म्हणाले, "ते काय पळून जात नाही. उरलेलं पुढच्या वर्षी." आम्ही तिघं एका स्कूटरवर बसून उतरलो. वाटेत पोलीस भेटला नाही हे नशीब.

घरी आल्यावर त्यांनी हात पुढे केला. "तो पट्टा मला दे."

"परत खिशात घालाल."

"नाही घालणार. तुला चिमटा बसतो म्हणून मी थांबायचो. आज पहिल्यांदा माझ्या पायासाठी थांबलो. दे."

पायाला जखम नव्हती. म्हणजे ठरल्याप्रमाणे पुढचं पुढे बघायचं होतं. मी पट्टा काढून दिला. मनगट हलकं वाटलं आणि जरा ओकंबोकंही. पुढे बरेच दिवस सकाळच्या चहाला मला उगाच चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं.

नाझनीन पुण्याला गेली ती तुपाचा डबा घेऊनच. तिच्या जर्मन साहेबाला आधी तूप म्हणजे काय ते समजावून सांगण्यात महिना गेला, मग म्हणे तो ते पावाला लावून खायला लागला. पावसाळा संपताना ती नवी साय घेऊन आली. हिला तेल चालतं, तूप चालतं, धागे बुडत नाहीत. "आता हवं तेवढं चोळा मॅडम," ती म्हणाली. "साय पायावर असतानासुद्धा."

तोवर विश्राम रोज धावत होते. पट्टा त्यांच्याच मनगटावर. वाटेत थांबायचे, बूट काढून हाताच्या पाठीने तळवे बघायचे, पुन्हा निघायचे. आता रत्नागिरीत लोकांना त्यांचा चेहराही ओळखू येतो, कारण निम्मा वेळ ते कुठल्या तरी कठड्यावर बसलेले असतात.

नवी साय फवारली त्या संध्याकाळी ते गॅलरीत पेपर वाचत बसले होते. मी काशाची वाटी घेऊन समोर बसले, डावा पाय मांडीवर घेतला, तूप लावलं आणि सवयीने टाचेपासून वाटी फिरवायला लागले. 'वाटी फिरतेय का गो' याची वाट बघत होते. काही विचारलं नाही. पेपर मात्र थरथरायला लागला. मी टाचेवरून मधल्या खळग्यात आले.

"ए, हळू! गुदगुल्या होतायत!" ते ओरडले आणि पाय झटकन मागे घेतला.

मुंग्या मनगटावर, पण पट्ट्याचा हात होता तिथेच होता, पेपर धरून. आम्ही दोघं त्या पायाकडे बघत राहिलो. त्यांचे डोळे भरले होते, माझेही. वाटीतलं तूप माझ्या साडीवर सांडत होतं.

"आणा तो पाय इकडे," मी म्हटलं. "अजून अर्धा राहिलाय."